हिरवं राहिलेलं संत्रं

प्रश्न : आम्ही मूळचे वरूडकडचे. नोकरीच्या निमित्ताने बोईसरला आलो आणि इथलेच झालो. सात-आठ वर्षांपूर्वी मुलाने खाल्लेल्या संत्र्याच्या बिया कुंडीत खोचल्या होत्या. एका बीला तर दोन रोपं आली! त्यातलं एक मागच्या अंगणात लावलं. झाड भरपूर वाढलं, पण नुसते काटे. सासूबाई म्हणायच्या, बियाचं झाड वांझ निघतं. गेल्या वर्षी मात्र अकरा फळं धरली. साल सुटी, अगदी गावाकडच्यासारखी. पिवळी होतील म्हणून वाट पाहिली. ती हिरवीच राहिली आणि शेवटी फुगून गळाली. आत फोडी कोरड्या. शेजारी म्हणतात, एमआयडीसीच्या हवेने रंग येत नाही. यंदा जानेवारीअखेर फुलं आली होती, आता चौदा फळं आहेत. झाड ठेवू की काढू? बोईसरला संत्रं होतच नाही का? — एक वाचक भगिनी, बोईसर

उत्तर : झाड काढू नका. हे आधी सांगतो, कारण उत्तर लांब आहे आणि ते वाचून होईपर्यंत कुणी कोयता घेऊन अंगणात जाऊ नये. गेल्या वर्षी तुमची फळं बिघडली ती झाडाच्या दोषामुळे नाही, तुम्ही रंगाची वाट पाहिलीत म्हणून.

पण क्रमाने जाऊ. आधी सासूबाईंचं म्हणणं. त्यामागे अनुभव आहे, फक्त तो दुसऱ्या झाडाचा आहे. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक असतं. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आई-बाप दोघांकडून बनलेला असतो. मूल जसं हुबेहूब आईसारखं नसतं, तसं ते झाडही नसतं. संत्र्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे : एका बीला दोन रोपं. संत्र्याच्या बीत परागकणांपासून झालेल्या गर्भाखेरीज आईच्याच पेशींपासून तयार झालेले आणखी काही गर्भ असतात. शास्त्रात याला बहुभ्रूणता म्हणतात. आईच्या पेशींपासून आलेली रोपं बापाचा अंश नसल्यामुळे थेट आईची नक्कल असतात, आणि बहुधा तीच जोमदार निघतात. घरी संत्रं आणाल तेव्हा एक बी सोलून पाहा. आतला दाणा पिस्त्यासारखा हिरवा असतो, आणि नखाने हळूच उकलला तर त्यात लहान-मोठे तुकडे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. तेच हे गर्भ. पपनसाच्या बीत मात्र एकच गर्भ असतो, म्हणून पपनस बियांवरून लावलं की गोड निघेल की तुरट, याचा भरवसा नसतो.

तेव्हा बियाचं संत्रं वांझ नसतं, ते उशिरा वयात येतं. बियाच्या झाडाला फळ धरायला सहा ते आठ वर्षं सहज लागतात, आणि तोवर ते काटे काढत राहतं. कलमाला इतका वेळ लागत नाही, कारण कलमात भरलेला डोळा फळ देणाऱ्या झाडावरून घेतलेला असतो. तो मुळातच वयात आलेला असतो. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिका तुम्ही पाहिल्या असतीलच. तिथे जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. बियाच्या झाडाला काटे आले म्हणून पुष्कळ जण दरवर्षी शेंडे छाटतात. पण झाडाचं वयात आलेलं लाकूड वरच्या शेंड्यांकडेच असतं. शेंडे छाटले की झाड पुन्हा मागे जातं आणि फळ आणखी लांबतं. तुम्ही छाटलं नसणार, म्हणूनच उशिरा का होईना फळ दिसलं.

आता रंग. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

संत्र्याच्या सालीत हिरवं द्रव्य आणि केशरी द्रव्य दोन्ही असतात. जोवर हिरवं शाबूत असतं तोवर केशरी त्याच्याखाली झाकलेलं राहतं. हिरवं विरायला थंड रात्री लागतात, साधारण १३ ते १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालच्या. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे अशा रात्री कार्तिकापासून सुरू होतात आणि पौषात पारा आणखी खाली जातो. बोईसर समुद्राजवळ. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं, म्हणून किनाऱ्यावर थंडीतल्या रात्रीही उबदार असतात. संध्याकाळी चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर जानेवारीत फिरायला गेलात तर अंगावर पातळ स्वेटरही जड होतं. सालीला हिरवं सोडायचा निरोपच मिळत नाही. फळ आतून पिकतं, साखर भरते, आंबटपणा उतरतो. वरून ते हिरवंच. थायलंड-व्हिएतनाममध्ये लोक हिरव्या सालीची संत्री पिकलेली म्हणूनच विकत घेतात आणि आवडीने खातात. आपल्याकडे आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, विदर्भातली संत्रीही दिवाळीच्या आधी हिरवट असतात. बाजारात पिवळी दिसावीत म्हणून त्यांना इथिलीन वायू देतात. त्याने सालीचा रंग बदलतो, आतल्या चवीला काही होत नाही.

म्हणजे रंगाच्या बाबतीत एमआयडीसी निर्दोष आहे. तारापूरच्या प्रदूषणाची तक्रार खोटी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये तारापूर सर्वांत वर होतं, आणि तुमच्या शेजाऱ्यांचा राग मला समजतो. पानांवर धूळ बसते हेही खरं, ती आठवड्यातून एकदा पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. पण कारखान्यांपासून दूर, केळव्याच्या वाडीत लावलेलं संत्रंही हिरवंच राहील.

मग फळ पिकलं हे ओळखायचं कसं? आंबा-केळ्यासारखं संत्रं झाडावरून काढल्यावर पिकत नाही. तोडलं त्या क्षणी जेवढी गोडी असेल तेवढीच राहते. म्हणून कच्चं तोडून अढीत घालण्यात अर्थ नाही, आणि तयार झालेलं झाडावर ठेवण्यातही नाही. तयार फळ फार दिवस लटकत राहिलं की साल फुगते, फोडींपासून सुटते, रस आटतो. गेल्या वर्षी तुमच्याकडे हेच झालं. रंगाऐवजी दिवस मोजा. फुलापासून आठ-नऊ महिन्यांत नागपुरी संत्रं तयार होतं. जानेवारीअखेरचं फूल म्हणजे ऑक्टोबर. त्या सुमाराला फळ हाताला जड लागतं, सालीवरचे बारीक ठिपके सपाट होऊन तिला तुकतुकी येते, हिरवा रंग काळपट न राहता थोडा निवळतो. तरी पक्की परीक्षा एकच. दसऱ्याला एक फळ कापून खा. आंबट असेल तर पंधरा दिवस थांबा, मग दुसरं कापा. चौदातली दोन-तीन चाखण्यात गेली तरी उरलेली वाचतील. आणि ओढून तोडू नका. ओढलं की देठापाशी सालीला भोक पडतं आणि फळ तिथूनच सडतं. कात्रीने, देठाचं बटण ठेवून कापा.

बोईसरला संत्रं होतच नाही का, हा प्रश्न मात्र सोपा नाही. हा सगळा मुलूख फळांचाच. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, बहाडोलीच्या जांभळालाही आहे. चिकूला बारा महिने सारखी दमट ऊब मानवते. त्याला फुलं-फळं एकदम लागलेली असतात. संत्र्याला मात्र वर्षातून एकदा विश्रांती लागते. थंडीने किंवा पाणी तुटल्याने वाढ थांबते, झाड अन्न साठवतं, आणि पुन्हा ऊब-पाणी मिळालं की पानांऐवजी फुलं काढतं. विदर्भातले बागायतदार याला ताण देणं म्हणतात. त्यांच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा आंबिया बहार आणि पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहार, असे दोन मुख्य हिशेब असतात. आपल्याकडे थंडीचा ताण मिळत नाही, म्हणून पाण्याचा द्यावा लागतो. जे लोक ‘झाडाला फूल नाही’ म्हणून रोज बादलीभर पाणी आणि मूठभर युरिया घालतात, त्यांना पानांचं जंगल मिळतं. कारण सरळ आहे : पोटभर मिळत असताना झाडाला फुलायची घाई नसते.

तुम्ही आंबिया बहारच धरा. मृगाचं फूल विदर्भात टिकतं. पालघर जिल्ह्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या झोडपण्यात फुलं कुजतात, बोराएवढी फळं गळतात. यंदाची फळं काढून झाली की डिसेंबरात पाणी तोडा. अंगणातली माती हलकी असेल तर तीन-चार आठवडे, भारी असेल तर थोडे जास्त. पानांची तकाकी जाऊन ती किंचित वळू लागली, थोडी गळू लागली की ताण पुरे. मग आळ्यात दोन घमेली शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा आणि आधी हलकं पाणी द्या, चार-आठ दिवसांनी भरपूर. वरूडकडे जुनी माणसं यांना आंबवणी आणि चिंबवणी म्हणतात, घरातल्या कुणाला आठवत असेल. एकदम भरपूर पाणी दिलं तर धरलेली फुलं गळतात. कुंडीतल्या झाडाला हा ताण चार-सहा दिवसांचाच. त्यापुढे ते मरतं.

फूल आलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याचा शत्रू पावसाळा. संत्र्याची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात, आणि त्याच ओलीत खोडाला बुरशी लागते. साल तडकून सोनेरी डिंक पाझरतो, म्हणून त्या रोगाला डिंक्या म्हणतात. मी स्वतः पालघरच्या अंगणात एक सुरेख कलम असंच घालवलं. लावताना झाड हलू नये म्हणून बुंध्याशी मातीची भर घातली आणि कलमाचा सांधा पुरला गेला. दोन पावसाळे ते दिसायला ठीक होतं. तिसऱ्या श्रावणात बुंध्याला मधाच्या थेंबांसारखे डिंकाचे मणी दिसले. मला ते सुंदरही वाटले. दिवाळीपर्यंत एक-एक फांदी वाळत झाड संपलं. तेव्हापासून कुणालाही सांगतो : कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर असू द्या, झाड उंचवट्यावर लावा आणि बुंध्याशी पाणी टेकू देऊ नका. तुमचं झाड बियाचं असल्यामुळे सांध्याची काळजी नाही, पण आळ्याची आहे. आळं दुहेरी करा : बुंध्याभोवती एक लहान कडं, त्याबाहेर मोठं, आणि पाणी फक्त दोन कड्यांच्या मधल्या जागेत. पावसाआधी आणि पावसानंतर बुंध्याला कमरेपर्यंत बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून, एकूण १० लिटर पाण्यात हे मलम होतं. एका झाडाला याच्या विसाव्या भागातच भागेल. लोखंडी भांडं घेऊ नका, मोरचूद ते खातं.

पाण्याबद्दल एक गोष्ट तुमच्या भागासाठी मुद्दाम. तारापूर, चिंचणी, नवापूरकडच्या कित्येक बोअरचं पाणी मचूळ असतं. नारळ ते सहन करतो, संत्रं करत नाही. पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या तर खतांच्या मागे लागण्याआधी पाणी जिभेवर ठेवून पाहा. नळाचं पाणी द्या, शक्य असेल तर पन्हाळीचं साठवलेलं. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर ती वेगळी गोष्ट. तिथे जस्त किंवा लोहाची उणीव असते आणि सूक्ष्मद्रव्यांची फवारणी करावी लागते.

किडींत दोनच सांगतो. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर जवळून पाहा, तो हळूच चालू लागेल. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडी लावली की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लहान झाडाचा शेंडा ती दोन दिवसांत फस्त करते. मोठ्या झाडाला मात्र पाच-दहा अळ्यांनी काही होत नाही. फवारणी नको, उचलून कढीपत्त्यावर किंवा बेलावर सोडा. ही सगळी झाडं एकाच कुळातली आहेत, अळीला तिथेही जेवण मिळतं, आणि पुढे तुमच्या मुलाला काळं-पिवळं फुलपाखरू पाहायला मिळतं.

दुसरी कीड रात्रीची. श्रावण ते आश्विन या काळात मोठे पतंग येऊन फळाला सोंड खुपसतात आणि रस पितात. सकाळी फक्त टाचणीएवढं छिद्र दिसतं, चार दिवसांनी तिथे डाग पडून फळ खाली येतं. या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. गेल्या काही वर्षांत काढ्यासाठी घरोघर गुळवेल चढवली गेली आहे. तुमच्या कुंपणावर असेल तर एक तर ती संत्र्यापासून लांब न्या, नाहीतर तिची पानं अधूनमधून उलटून पाहा. फळांना आजच जुन्या सुती कापडाच्या पिशव्या बांधा. चौदा फळांना अर्धा तासही लागणार नाही.

आणि तुम्ही वरूडकडच्या म्हणून एक गोष्ट. नागपुरी संत्रं मूळचं विदर्भातलं नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी ते औरंगाबादेहून आणलं असं सांगतात. २०१४मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते नागपूरच्या नावानेच. 

प्रश्न : पालघरला आमच्या गच्चीवर ‘चायना ऑरेंज’चं झाड आहे. रोपवाटिकेतून फळांसकट आणलं. फळं भरपूर, केशरीही होतात, पण इतकी आंबट की तोंडात धरवत नाहीत. मुळाशी गूळ घातला की गोडी येते असं कुणी सांगितलं. किती घालू?

उत्तर : अजिबात घालू नका. फळातली साखर मुळांतून येत नाही, ती पानांत उन्हावर तयार होते. गुळाने मुंग्या येतात, मुंग्या पिठ्या ढेकूण आणि मावा अंगाखांद्यावर वागवतात, आणि झाड चिकट-काळं पडतं.

तुमचं झाड संत्र्याचं नाहीच. चायना ऑरेंज म्हणून विकलं जाणारं हे झाड संत्रं आणि कुमकाट यांच्या संकरातलं, जातीनेच आंबट. उबदार हवेतही त्याला रंग येतो आणि ते जवळजवळ वर्षभर फळतं, म्हणून रोपवाटिकावाले ते पुढे मांडतात. लिंबाऐवजी वापरा, त्याच्या सालीसकट चिरलेल्या चकत्यांचं मुरलेलं गोड लोणचं फार छान होतं.

गोड फळच हवं असेल तर नागपुरी संत्र्याचं कलम मागून घ्या. खोडावर वीतभर उंचीला सांध्याची गाठ दिसली पाहिजे, आणि गाठीच्या वर हिरवी फूट असली पाहिजे. ५०-६० लिटरचा, तळाला भोकं पाडलेला ड्रम आणि निदान सहा तासांचं ऊन, एवढं त्याला लागतं. ओल्या मातीसह ड्रमचं वजन शंभर किलोच्या घरात जातं, म्हणून तो तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. पुढे गाठीच्या खालून जाड काट्यांची, वेगळ्या पानांची जोमदार फूट येईल. ती खुंटाची. दिसताक्षणी मुळापासून मोडून टाका. ती राखली तर वरचं संत्रं उपाशी मरतं आणि दोन वर्षांनी ड्रमात जाड सालीची आंबट जंबेरी लागते. ‘आमच्या संत्र्याचं लिंबू झालं’ अशी पत्रं मला दरवर्षी येतात, ती सगळी याच एका फुटीची असतात.